खोडरबरांची बरणी

आमच्या घरमालकांच्या ओटीवर चिनीमातीची एक मोठी बरणी होती. लोणच्याचीच, पण तिच्यात लोणचं नव्हतं, खोडरबरं होती. पांढरी, हिरवी, स्ट्रॉबेरीच्या वासाची, दातांनी कुरतडलेली, एक तर चक्क मोटारीच्या आकाराचं. सगळी नोकरी त्यांनी चित्रकलेचे मास्तर म्हणून केली, आणि वर्गात शिरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे जप्ती. तास संपल्यावर मुलं खोडरबर परत मागायला आली की ते म्हणायचे, "मुरू दे." निवृत्त होणारी माणसं शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, हे बरणी घेऊन आले.

त्यांचा कायदा एकच. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची. "पुसलंत की कागद मळतो आणि अक्कल होती तिथेच राहते," असं म्हणायचे.

मी देशावरची, सांगोल्याकडची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका वाडीतल्या शाळेत, आणि शाळेजवळ भाड्याने खोली मिळेल असं घर हे एकच. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि ज्याची मला सवय होती ते आडनावही विचारलं नाही. कागद-पेन्सिल पुढे सरकवली आणि म्हणाले, "तुमच्या चपलांचं चित्र काढा बघू." म्हातारं सरकलेलं आहे असं माझं मत झालं. पण दुसरी खोली नव्हती, म्हणून पायरीवर सोडलेल्या चपला बघून बघून काढल्या. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"चपला बऱ्या आहेत. पण तोंड परतीच्या एस.टी.कडे आहे."

खरंच होतं. मी चपला फाटकाकडे तोंड करून, निघायच्या तयारीत ठेवल्या होत्या.

"असू दे. राहा. वळतील हळूहळू," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्यांच्या स्वतःच्या चपला हा वाडीत चेष्टेचा विषय होता. डावीचा अंगठा तुटला तेव्हा त्यांनी तो मासेमारीच्या जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवला होता, उजवीचा तुटला तेव्हा तोही, आणि पुढे मूळ चप्पल कमी आणि निळा दोरा जास्त असं झालं. मुंबईचा मुलगा दर गणपतीला नवीन जोडी आणायचा. ती खोक्यातच राहायची. हातात छत्री बारा महिने, पण उन्हात ती उघडायची नाही, कारण छत्रीने सावल्या बिघडतात. बांगडा आणला की आधी चित्र आणि मग कालवण. मेलेल्या बांगड्याच्या पाठीवरचा निळा फार वेळ टिकत नाही, म्हणून चूल थांबायची. एकदा चित्र अर्ध्यावर असताना मांजराने मॉडेल पळवलं. त्या दिवशी त्यांनी वरण-भात खाल्ला आणि मांजराने सोडलेल्या डोक्यावरून चित्र पुरं केलं. "मांजराला कळतं काय सोडायचं ते," वर हे.

चित्र दाखवलं की ते कधीच "छान" म्हणायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "छान म्हटलं की पोर चित्र काढायचं सोडतं आणि छान काढायला लागतं." फारच आवडलं तर घशातून "हं" असा आवाज यायचा. तो आवाज मिळालेली मोठमोठी माणसं अजून वाडीत आहेत आणि ती ते सांगतात.

आणि त्यांचं एक आयुष्यभराचं वैर होतं. शाळेत चित्र काढा म्हटलं की आपल्याकडे सगळी मुलं जे काढतात ते तुम्हाला माहीत आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली झोपडी, आणि डोंगरातून निघून झोपडीपाशी येणारी नदी. तुम्हीही काढलं असेल, मीही काढलं आहे. मास्तर त्याला 'पाठ केलेलं चित्र' म्हणायचे. "रोज संध्याकाळी समुद्रात बुडणारा सूर्य बघता, आणि काढता तो डोंगराच्या फटीतून. कुणी दाखवला तुम्हाला?" असं चित्र दिसलं की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. आणि वर ठरलेला विनोद: "नदी थेट घरात आल्ये. पाणी भरायचा त्रास वाचला." वर्ग हसायचा. वाडीत तीन पिढ्या या विनोदाला हसल्या होत्या.

आमच्या शाळेत गावची मुलं थोडी. ज्यांना परवडतं ती रत्नागिरीत इंग्रजी शाळेत जातात, बाकीच्यांचे आईबाप मुंबईला. पट भरायचा तो बाहेरच्यांनी. जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर काम करणारी विजापूरकडची कुटुंबं आणि आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी. दिवाळीनंतर मुलं येणार, मे महिन्यात जाणार. काही पुन्हा येणार, काही नाही.

मनमाया अशीच एका दिवाळीनंतर आली. नऊ वर्षांची असेल. बाप एका मोठ्या बागेत राखणीला, आई झाडांच्या बुडाशी पालापाचोळा काढायला, आणि पाठीवर एक लहान भाऊ. ती बोलत नव्हती. मराठी येत नाही म्हणून नव्हे. त्याच बागेतल्या दुसऱ्या नेपाळी मुलाशीही नाही. हजेरीला हात वर नाही, भूक लागली तर खूण नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "मुकी असेल हो, दाखवून आणायला सांगा." मी गाणी म्हणून पाहिली, चित्रांची कार्डं दाखवली, आणि एक दिवस, लपवण्यात अर्थ नाही, तिच्यावर ओरडले. तिने फक्त दप्तर छातीशी धरलं. तिचा बाप सांगून गेला होता, "मॅडम, इसका दिल नहीं लगा तो घर पे रहेगी. छोटा संभालेगी." म्हणजे तिचं शाळेत येणं दिवसादिवसावर होतं, आणि एकदा बागेत बसली की ती तिथेच राहणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी ओटीवर मी हे मास्तरांना सांगितलं. ते पेन्सिलीला टोक करत होते, मासे कापायच्या सुरीने.

"तिच्या पायात चपला आहेत?"

"आहेत की. का?"

"मग झाला. शनिवारी येतो," ते म्हणाले. एरवी ते मास्तरी मराठी बोलत. आतून काही हललं की गावची बोली वर यायची.

शनिवारी सकाळी त्यांनी मुलांच्या चपला वर्गात आणवल्या, ज्याची त्याच्यासमोर. खोडरबरं बरणीसाठी त्यांच्या खिशात गेली. "जे दिसतंय ते. घर काढू नका, गाव काढू नका. समोर आहे तेवढंच."

मी म्हटलं, "घर काढू द्या ना, मुलांना आवडतं."

ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, ज्याचं घर लांब राहिलंय त्याला पहिल्या दिवशी घर काढायला सांगू नये. आधी पायाखालचं काढू दे. तिथं उभं राहता आलं की मग बघेल लांबचं."

मनमायाच्या दोन्ही चपला वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. एक गुलाबी, एक काळी आणि बोटभर मोठी. वर्गात तिला त्यावरून चिडवत. तिने त्या तशाच काढल्या: एक लहान, एक मोठी, मोठीच्या टाचेला झिजून पडलेलं भोकसुद्धा. मास्तर तिच्या मागे बराच वेळ उभे राहिले.

"हं," ते म्हणाले.

मी हातातला खडू खाली ठेवला. तिला अर्थातच त्याची किंमत माहीत नव्हती.

मग दर शनिवारी. बादली, काजूची बोंडं, शाळेची घंटा, आंब्याच्या कलमांवर बसलेली माकडं, झोपडीचं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले चिरे. ती बोलली नाही. पण सकाळी फाटक उघडायच्या आधी येऊन बसू लागली, आणि कुणी पेन्सिल मागितली तर देऊ लागली. पुढे चिडवणाऱ्या पोरांनाच ती माकडं काढून द्यायची. मी मोठ्या बाईंना म्हटलं, मुकी नाही हो, ती फक्त घाईत नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी मास्तरांना रत्नागिरीला बँकेत जायचं होतं. एस.टी.ची वेळ झालेली. येऊ नका म्हटलं तर ऐकेनात; आले आणि दारातूनच म्हणाले, "आज हवं ते काढा." हे त्यांनी यापूर्वी कधीच म्हटलं नव्हतं. मुलांना सुटीच मिळाली. अर्ध्या तासाने ते उभ्याउभ्या, एक डोळा घड्याळावर ठेवून वह्या बघू लागले. हवं ते म्हटल्यावर व्हायचं तेच झालं होतं, निम्म्या वर्गाने डोंगर आणि सूर्य काढला होता. फुली, फुली, फुली. मनमायाची वही आली. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली घर आणि डोंगरावरून थेट घरावर येणारी रुंद नदी.

"तूसुद्धा गो?" ते म्हणाले. सर्रकन फुली मारली. "नदी थेट घरात आल्ये. पाणी भरायचा त्रास वाचला."

वर्ग हसला. मीही हसले. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण हसले.

मनमायाने वही मिटून दप्तरात ठेवली. सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी बागेत गेले. बाप झाडाखाली पत्र्याचा डबा घेऊन बसला होता, माकडं आली की वाजवायला. मनमाया भावाला घेऊन झोपडीच्या आत, भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, आजारी आहे का? त्याने आतून वही आणली आणि ते पान काढलं.

"मॅडम, ये हमारा घर है," तो म्हणाला. "पहाड नीचे आया था. दिन में आया. हम लोग खेत में थे."

एवढं सांगून झाल्यावर माकडं नसतानाच त्याने दोनदा डबा वाजवला.

मी वही घेऊन सरळ ओटीवर गेले. मास्तरांना काय वाटेल याचा विचारही केला नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि माझा स्वतःचा जास्त. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि बापाचे शब्द सांगितले. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडात नेलं. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग पेन्सिलीच्या टोकाने त्या 'नदी'त दाखवलं.

"झाडं बघितलीत, बाई?"

नदीत बारीक बारीक झाडं होती. मला वाटलं होतं लाटा असतील.

"मुळं वर आहेत," ते म्हणाले. "उलटी झाडं कुणी पाठ करून काढत नाय. ह्या पोरीने बघून काढला. आणि मी, जन्मभर दुसऱ्यांना बघा बघा सांगणारा, मी बघितला नाय." त्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. "माझा चुकला. चष्मा होता डोळ्यावर, तरी."

मी म्हटलं, आपण तिला समजावून सांगू, नवीन वही देऊ. ती फुली कुठल्याशा औषधाने जाते म्हणतात.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बरणीतलं एक खोडरबर आहे. "पुसायची नाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. बागेत जायचं म्हणजे सडा ओलांडावा लागतो. सडा म्हणजे काळ्या कातळाचं नुसतं पठार, झाड नाही की आडोसा नाही, मार्चच्या उन्हात तव्यासारखं. छत्री मिटलेली. मी मागून म्हटलं, "आज तरी उघडा." उघडली नाही.

झोपडीच्या दारात त्यांनी चपला सोडल्या, छत्री टेकून ठेवली, आत जाऊन जमिनीवर मांडी घातली. मनमायाच्या आईने पाणी दिलं. मनमायाने पाठ फिरवली ती फिरवलेलीच. त्यांनी तिची समजूत घातली नाही, खाऊ काढला नाही. आपली वही उघडली आणि डोंगर काढायला लागले. बर्फाचा. आता मास्तरांनी उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो रत्नागिरीच्या बंदरावर, माशांच्या पेटीत. डोंगर त्यांचा झाला गुळाच्या ढेपेसारखा. तो त्यांनी तिच्या शेजारी सरकवला आणि वर लाल पेन्सिल ठेवली.

"बघ बरोबर आहे का. चुकला असेल तर मार फुली."

तिने पाहिलं नाही. त्यांनी दुसरा काढला. तो पहिल्यापेक्षा वाईट होता. बाहेर बाप डबा वाजवत होता, आत भाऊ रांगत येऊन पेन्सिल तोंडात घालत होता आणि आई ती काढून पुन्हा कागदावर ठेवत होती. मास्तरांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मला उठावंसं वाटत होतं. वाटलं, म्हाताऱ्या माणसाने किती वेळ असं बसायचं. त्यांनी तिसरा काढला. त्यात डोंगराच्या टोकावर नारळाच्या झावळीसारखं काहीतरी आलं होतं.

मनमाया वळून बघत होती. कधी वळली ते मला कळलं नाही.

"होइन," ती म्हणाली.

आई हातातलं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली. बाहेर डबा वाजायचा थांबला आणि बाप दारात आला. होइन म्हणजे असं नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा तिचा आवाज घोगरा आहे एवढंच कळलं. तिने लाल पेन्सिल उचलली आणि मास्तरांच्या डोंगरावर फुली मारली, इतक्या जोराने की शिसं मोडलं. मग त्यांच्या हातातली काळी पेन्सिल घेऊन, त्यांच्या चुकलेल्या रेघेच्या शेजारी, तिने आपली रेघ काढली. उभी, तुटक, मधेच आत गेलेली. डोंगर तसा असतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"असा होय," मास्तर म्हणाले. "आणि घर?"

तिने घर काढलं. दारात एक ठिपका काढला. त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे कोण?

"हजुरआमा," ती म्हणाली, आणि मग बापाकडे बघून बोलत सुटली, त्यांच्या भाषेत, भराभरा. आईने पदर तोंडाला लावला. बापाने मला एवढंच सांगितलं की हजुरआमा म्हणजे त्याची आई, आणि ती शेतात आली नव्हती. मास्तर एकही शब्द न कळता शेवटपर्यंत ऐकत होते. ऐकून झाल्यावर तिला म्हणाले, "तुझ्या चित्रावर फुली मारली, ते माझा चुकला," आणि मला हिंदीत सांगायला लावलं, तिच्या बापासमोर.

सोमवारी ती शाळेत आली.

चित्रांनी सगळं ठीक होतं असं मी सांगणार नाही. खाणीवरून दगडाचा ट्रक धडधडत गेला तर ती अजूनही बाकाखाली जायची. काही दिवस पुन्हा गप्प असायची. पण गप्प असली की वही काढायची, आणि तिच्या वहीत खाली आलेला तो डोंगर पन्नास वेळा तरी उतरला असेल. मास्तरांनी एकदाही त्याऐवजी दुसरं काढ असं म्हटलं नाही. शेवटी शेवटी नदीतली झाडं सुलटी व्हायला लागली होती. मी विचारलं तर ती आमच्याच वाडीच्या सुरात म्हणाली, "बाई, आता थोडी लावली मी तिथं."

मास्तरांच्या घरात आयुष्यभराची चित्रं होती, पण भिंतीवर एकही टांगलेलं नव्हतं. आता ओटीवर बरणीच्या वर एक चौकट आली: ढेपेसारखा डोंगर, त्यावर मोडक्या शिशाची लाल फुली, शेजारी उभी तुटक रेघ. येणारे-जाणारे विचारत. ते म्हणत, "पेपर तपासलाय माझा. नापास."

तीन हंगामांनी मनमायाच्या बापाला देवगडकडे बाग मिळाली. जाताना ती ओटीवर आली, चौकटीकडे बराच वेळ बघत राहिली. मास्तर म्हणाले, "आता तरी पास कर गो." तिने मान हलवली. "नाय जमला अजून. परत काढा."

मग आमचा एक क्रम सुरू झाला. दर रविवारी मास्तर एक डोंगर काढायचे, मी मोबाइलवर फोटो काढून तिच्या बापाला पाठवायची, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर यायचं: फुली. एकदाही दयामाया नाही. मास्तर फुली बघून जेवायला बसत. माझी बदली देशावर व्हायची संधी दोनदा आली आणि मी दोनदा अर्ज केला नाही. कारण कुणी विचारलं तर मी रविवारचं सांगत नसे.

गेल्या भाद्रपदात मास्तर गेले, झोपेत, मुलाने आणलेली नवीन जोडी खोक्यातच ठेवून. दहा दिवस मी मनमायाला काही कळवलं नाही. त्यातला एक रविवार रिकामा गेला. दुसरा आला तेव्हा त्यांचा शेवटचा डोंगर पाठवावा असं मनात आलं, पण तसं करणं म्हणजे पुसणंच झालं असतं. मी सरळ लिहिलं की मास्तर गेले.

उत्तर आलं नाही. आठ दिवस नाही. त्यांच्या मुलाने घर आवरताना विचारलं, या बरणीचं काय करायचं? मी ती माझ्या खोलीत नेली.

नवव्या दिवशी तिच्या चित्राचा फोटो आला. डोंगर नव्हता. इथल्या बागेतल्या झोपडीचा उंबरा होता, टेकून ठेवलेली मिटलेली छत्री होती, आणि खाली चपलांचा जोड, तोंड आत, घराकडे. निळ्या दोऱ्याचा टाका न् टाका होता. मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या चपलेची एक रेघ चुकली होती. ती तशीच होती, आणि तिच्या शेजारी दुसरी होती.